आकिमच्या नावाचा पेला

"पारास्किवा आजी, तुमचा भाऊ अजून रात्री येतो का?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या यारिना आणि देनिसाचा होता. शुक्रवारी शाळा सुटली, उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि फाटकाबाहेर आइस्क्रीम खाता खाता दोघींनी तो माझ्या गळ्यात बांधला.

"आता फार शूर झालीयस ना तू," यारिना म्हणाली, "मग त्या म्हातारीला विचारून दाखव. तोंडावर. आणि फोनवर रेकॉर्ड करून आण. नाहीतर अकरावीचं अख्खं वर्ष तू भित्री भागूबाई."

"विचारीन. त्यात काय!" मी म्हणाले.

हे 'त्यात काय' माझ्या तोंडी नवीनच आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायचे. फळ्यापाशी बोलावलं की मानेवर लाल चट्टे उठायचे आणि देनिसा मागच्या बाकावरून ते मोजायची. मग ऑक्टोबरात बाबांच्या सहलीत भुताच्या नवरीचं काम करणारी मुलगी नोकरीसाठी जर्मनीला निघून गेली, आणि बाबांनी तिचा पांढरा झगा माझ्या अंगावर टाकला. "फक्त उडी मारायची आणि किंचाळायचं," ते म्हणाले. पहिल्या शनिवारी मी किंचाळले आणि एक दणकट, दाढीवाला माणूस माझ्या आवाजाने चिखलात बसला. त्या क्षणी मला कळलं की माझ्या गळ्यात हे सगळं आधीपासूनच होतं, कोणी मागितलं नव्हतं एवढंच. सोमवारी मी वर्गात इतिहासाच्या बाईंशी वाद घातला आणि जिंकले. चट्टे उठले नाहीत. देनिसाला मोजायला काही उरलं नाही.

बाबांचं नाव तिबेरियू, पण सगळे तिबी म्हणतात. ते ब्रासोवहून एका दिवसाची सहल काढतात. आठ जणांची छोटी बस, खांद्याला अडकवायचा स्पीकर आणि एक माईक. सकाळी ब्रानचा किल्ला, दुपारी सिगिशोआराचं जुनं गाव आणि परतीच्या वाटेवर पोयेनीता, खऱ्याखुऱ्या स्त्रिगोयचं गाव. पहिल्या दोन जागा कोणीही दाखवतं. तिसरी फक्त तिबी.

स्त्रिगोय म्हणजे मेल्यावर स्वस्थ न पडणारा माणूस. कबरीतून उठतो, आपल्याच घरच्यांची खिडकी वाजवतो, गाईंचं दूध आटवतो, लहान पोरांचं रक्त. परदेशी लोक येतात ते काळ्या कोटातल्या, सुळेवाल्या काउंटसाठी. असला काउंट आमच्याकडे कोणाच्या आजीने पाहिलेला नाही. आमचे स्त्रिगोय शेतकरी असतात.

पोयेनीता हे बाबांचं मूळ गाव. तिथे एका निळ्या घरापाशी ते सगळ्यांना थांबवतात आणि आवाज खाली आणतात. या घरात आकिम राहायचा. लाल केसांचा. १९५८ च्या हिवाळ्यात मेला आणि पुरल्यावर महिन्याभरात उठला. त्याने सात मुलांचं रक्त प्यायलं (गेल्या वर्षी पाच होती). शेवटी बाबांचे आजोबा गाव्रिल कुदळ घेऊन पुढे झाले. त्यांनी कबर उघडली, आकिम आत गुलाबी गालांनी झोपलेला सापडला, त्याच्या छातीत त्यांनी सूत कातायची लोखंडी चाती तापवून घातली आणि गाव वाचलं. "माझे आजोबा!" बाबा छातीवर हात मारतात. "आणि पाहा, त्या पडद्याआड त्याची बहीण अजून राहते..." सगळे पडद्याकडे बघतात, फोन वर होतात, आणि मी विहिरीमागून उडी मारते.

पडदा नेहमी किंचित हलतो. ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की आजीसुद्धा आमच्या नाटकात आहे.

तो शनिवार पितरांचा होता, ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशीचा. आईने पहाटेच उठून मातीचे नवे पेले धुतले, प्रत्येकात दूध ओतलं, कानाला चेरीची जोडी बांधली, वर छोटी गोल पोळी आणि मेणबत्ती ठेवली आणि आमच्या जिन्यातली दारं वाजवत निघाली. "हा गाव्रिल आजोबांच्या नावाने," ती शेजारच्या बाईंना म्हणाली. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "बोग्दाप्रोस्ते." देव त्याला क्षमा करो. झालं. हा शब्द उच्चारला की पेला पलीकडे पोचतो आणि मेलेल्याची वर्षभराची तहान भागते. देणारा हवा, घेणारा हवा आणि तो शब्द हवा. यातलं एक जरी चुकलं तरी तो बिचारा तिकडे कोरड्या घशाने बसतो.

"तुझ्या झग्याची बाही उसवली होती, शिवून ठेवलीय," आई मला म्हणाली. "आणि त्या विहिरीपाशी घसरू नकोस."

आई, लाविनिया, तो झगा दर आठवड्याला धुते आणि त्याच्यावर बिटाच्या रसाचे ताजे डाग पाडते. रक्त तिच्या हातचं आहे असं ती सगळ्यांना सांगते.

त्या दिवशी बसमध्ये सहाजण होते. पोर्तुगालचं एक नवं जोडपं, दोन आयरिश मित्र, आणि एक उंच डच मास्तर व त्यांची नऊ-दहा वर्षांची फेना. फेना माझ्याजवळ बसली. ब्रानच्या किल्ल्यात लाकडी जिन्यांवर नेहमीची चेंगराचेंगरी. आयरिशांपैकी जाडा बाबांना म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण शवपेटी कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय," बाबा चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले. "बिजागरी करकरायची. शेजाऱ्यांनी तक्रार केली."

सगळे हसले. बाबा असेच आहेत. दगडाला हसवतील. मला त्यांचा अभिमान वाटतो, तेव्हाही वाटत होता, हे आधीच सांगून ठेवते.

सिगिशोआरात घड्याळाच्या मनोऱ्याखाली त्यांना सोडून मी टेकडीवरच्या शाळेकडे जाणाऱ्या झाकलेल्या लाकडी जिन्यावर गेले आणि तिथे प्रश्नाची तालीम केली. पायरीगणिक एकदा. चढताना भीतीने, उतरताना झोकात. एका म्हाताऱ्या बाईने मला स्वतःशी बोलताना पाहिलं आणि लगबगीने बाजूला झाली. जेवताना बाबांनी पर्यटकांना पिवळ्या, हिरव्या, गेरूच्या रंगाची घरं दाखवत शिंप्यांच्या बुरुजाची, चांभारांच्या बुरुजाची गंमत सांगितली, आणि मी आंबट कढी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा खाता खाता टेबलाखाली फोनचं रेकॉर्डिंग तपासून पाहिलं. चालत होतं.

चार-सव्वाचारला पोयेनीता. बाबा सगळ्यांना जुन्या जर्मन वस्तीवाल्या सॅक्सन लोकांच्या तटबंदीच्या चर्चमध्ये घेऊन जातात, खारवलेलं मांस टांगायचा बुरूज दाखवतात. त्याला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी विहिरीमागे झगा चढवायचा. मी तो गल्लीतच चढवला, खिशात फोन चालू केला आणि निळ्या घराकडे निघाले.

आणि थबकले. पडदा उघडा होता. पारास्किवा आजी घरात नव्हतीच, ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसली होती. काळा रुमाल, काळा पेहराव, पायात पांढरेशुभ्र मोजे. शेजारी धुतलेल्या टॉवेलवर एक पेला, कानाला चेऱ्या, वर पोळी. समोरच्या घरांपुढच्या बाकांवरही बायका बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे चार-चार, पाच-पाच पेले, सकाळपासून एकमेकींकडून घेतलेले. मला पाहून त्यांनी बोलणं थांबवलं.

पायरीगणिक घोटलेला प्रश्न. मी एका दमात टाकला. वर लिहिलाय तसा, शब्दही न गाळता.

आजीने माझ्याकडे पाहिलं. आधी झग्याकडे, मग बिटाच्या डागांकडे, मग नाकाकडे.

"तू गाव्रिलच्या तिबीची ना? नाक तेच."

"हो."

"बस." ती टॉवेल सरकवत म्हणाली. "सहासष्ट वर्षं झाली. या गावाने मला आकिमबद्दल सांगितलं भरपूर. विचारणारी तूच पहिली. कोणी पाठवलं?"

"मैत्रिणींनी." खोटं बोलायचं सुचलंच नाही. "पैज लागलीय."

"बरं झालं. शहाण्या माणसाला पैजेशिवाय असलं धाडस होत नाही." मग तिने हनुवटी वर केली. "येतो. येतो ना. पण रात्री नाही. दर शनिवारी साडेचारला येतो. तुझ्या बापाच्या बसमधून उतरतो. बाकीचा आठवडा बिचारा गप पडलेला असतो."

माझ्या मानेवर काहीतरी गरम चढायला लागलं. किती महिन्यांनी.

"आणि तू त्याची नवरी म्हणे," ती म्हणाली. "त्याचं लग्न व्हायचं होतं, एकवीस वर्षांचा होता. झालं असतं तर बऱ्या कपड्यातली मिळाली असती."

"आजी, मी..."

"गप. विचारलंस ना? मग ऐक आता."

तिने सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते, कारण तिनेही थोडक्यातच सांगितलं. आकिम रानात लाकूड तोडायला गेला आणि झाड त्याच्या अंगावर पडलं. फेब्रुवारी होता. आमच्याकडे प्रेताला एकटं सोडत नाहीत, दोन रात्री जागून काढतात, पत्ते खेळतात, मोठ्याने बोलतात, म्हणजे कोणी डुलकी घेऊ नये. कारण मांजर जर प्रेतावरून गेलं, तर तो माणूस स्त्रिगोय होतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पहिली रात्र बापाने काढली. दुसऱ्या रात्री आकिमचा सगळ्यात जवळचा मित्र म्हणाला, काका, तुम्ही पडा, मी आहे. त्या मित्राने आलुबुखाराच्या दारूची बाटली आणली होती, दुःख फार झालं होतं त्याला. पहाटे आई खोलीत गेली तर तो टेबलावर डोकं ठेवून घोरत होता आणि मांजर आकिमच्या छातीवर बसून पंजा चाटत होतं.

"आईने मांजराला हाकललं आणि त्याला उठवलं," आजी म्हणाली. "त्याने तिचे पाय धरले. म्हणाला, कोणाला सांगू नका. तिने नाही सांगितलं. पण मांजर मीही पाहिलं होतं आणि मी पंधरा वर्षांची होते. मी शेजारणीला सांगितलं. फक्त मांजराचं सांगितलं, त्याचं नाव नाही सांगितलं. महिन्याभरात खालच्या आळीत दोन गाई आटल्या, एका पोराला ताप भरला. मग कबर उघडा म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल?"

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "कोण?"

"तुझं नाक," ती म्हणाली.

समोरच्या बाकावरची एक बाई खाकरली. आजीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणतात गुलाबी होता. अगं, फेब्रुवारीत गोठलेल्या जमिनीत पुरलेला माणूस मार्चमध्ये गुलाबीच निघणार. आमच्या माळ्यावर कापून टांगलेलं डुक्करसुद्धा गुलाबी होतं."

मी हसले. मग मला रडू आलं. मग एकदम राग आला, आणि तो आला तो गेलाच नाही.

"हा पेला कोणाचा?" मी विचारलं.

"आकिमचा."

"सकाळपासून कोणी घेतला नाही?"

तिने अंगठ्याने मागच्या खिडकीकडे खूण केली. मी उठून काचेला नाक लावलं. आतल्या खोलीत भिंतीभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर पेले. तपकिरी, निळ्या फुलांचे, हिरव्या कडेचे, काही इतके जुने की त्यांचा रंगच गेलेला. चेरीच्या सुकलेल्या काड्या अजून काहींच्या कानाला लटकत होत्या.

"सहासष्ट," ती म्हणाली. "त्यातला एक मांजराने फोडला. आमच्या नशिबात मांजरंच. दर पितरांच्या शनिवारी बसते इथे, सूर्य मावळेस्तोवर. माझ्या आईचा पेला घेतात, बापाचा घेतात. त्याचा नाही घेत. घेतला तर तो त्यांच्या घरी पाणी प्यायला येईल म्हणे. मी आता ब्याऐंशीची झाले. माझ्यानंतर कोण बसणार? माझी तहान मला सोसेल. त्याची एवढी वर्षं..." ती टॉवेलची घडी उगाच सारखी करत राहिली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला स्पीकर खरखरला.

बाबा पुढे, मागे सहाजण. बाबांनी मला बाकावर पाहिलं आणि भुवयांनी विहीर दाखवली. मी बसून राहिले. त्यांनी पुन्हा दाखवली. मग पर्यटकांकडे वळून हसले, आवाज खाली आणला. "मित्रहो, या निळ्या घरात..."

मी ही गोष्ट किती शनिवार ऐकली असेन? तीस तरी. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती आजीच्या शेजारी बसून ऐकली. ती सरळ समोर बघत होती. 'लाल केसांचा' म्हटल्यावर तिचा ओठ हलला. नंतर तिने मला सांगितलं, त्याचे केस काळे होते. आज बाबांच्या गोष्टीतली मुलं आठ झाली होती. जाड्या आयरिशाने फोन उंच धरला, पोर्तुगीज बाईने नवऱ्याचा दंड पकडला.

"...आणि तेव्हा माझे आजोबा, गाव्रिल..."

"थांबा बाबा."

मी ओरडले नव्हते. पण चिखलात माणूस बसवणारा आवाज आहे माझा, तो त्यांच्या माईकमध्येही शिरला आणि भिंतीवरून परत आला. मी उभी राहिले, आजीकडे वळले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आजी, मला द्या तो पेला."

गंमत बघा. माझे बाबा, जे दिवसभर शवपेटीवर विनोद करतात, भुतांच्या जिवावर ज्यांची बस चालते, ते पांढरेफटक पडले. माईक तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्या गल्लीने ऐकलं. "रुक्सी! हात लावू नकोस त्याला!"

"का? त्यात काय?"

"लावू नकोस म्हणतो ना!"

"तिबी," आजी शांतपणे म्हणाली, "पोरीला विचारू दे की. तुला तर तेवढंही जमलं नाही."

समोरच्या बायका छातीवर क्रूसाची खूण करायला लागल्या होत्या. एकीने आपले पेले एप्रनाआड ओढले, जणू आकिम ते हिसकावणार होता. आजीने पेला उचलला.  देणाऱ्याने म्हणायचं वाक्य ती म्हणायला लागली, "हा माझ्या भावाच्या... आकिमच्या नावाने..." आणि अडकली. पुढचं तिला येत असणारच, पण पुढे जायची वेळच कधी आली नव्हती. मी थांबले. सगळी गल्ली थांबली. "...त्याच्या जिवाला लागू दे," ती शेवटी म्हणाली.

मी पेला घेतला. आत एल्डरच्या झुडपाच्या फुलांचं आंबटगोड सरबत होतं, थोडं फसफसलेलं. मी बाबांकडे बघत ते सगळं प्यायले, एक थेंब ठेवला नाही. मग बाकावर चढले. हो, चढले, झग्यासकट.

"बोग्दाप्रोस्ते!" मी म्हणाले. मोठ्याने, तिकडे सिगिशोआरातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळालाही ऐकू जाईल इतक्या. "आकिमला देव क्षमा करो! आणि त्याच्याजवळ बसून झोपलेल्यालाही करो, त्याला जास्त गरज आहे!"

 मग जाड्या आयरिशाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं हा खेळाचाच भाग आहे. त्याच्या मित्राने त्याच्या कोपराला धरून त्याला थांबवलं.

फेना माझ्याजवळ आली. "हे खरं होतं का?" तिने विचारलं.

"हे खरं होतं," मी म्हणाले. "आधीचं सगळं खोटं. तो भूत नव्हता. त्याच्या मित्राला झोप लागली होती."

फेनाने आजीकडे पाहिलं, मग टॉवेलवर राहिलेल्या पोळीकडे. "ती मी घेऊ का?" तिने वडिलांना विचारलं. मास्तरांनी मान हलवली. तिने पोळी दोन्ही हातांत घेतली आणि मला विचारलं, काय म्हणायचं असतं? मी तिला शब्द शिकवला. तिने तो इतका वाईट उच्चारला की आजी खुदकन हसली, आणि मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागली.

समोरची खाकरणारी बाई उठून घरात गेली. दार लावलं. पण खिडकी उघडीच ठेवली, ऐकायला.

परतीच्या वाटेवर बाबांनी माईकला हात लावला नाही. रुपेयाचा डोंगरावरचा किल्ला आला आणि गेला, त्यांनी तो दाखवलासुद्धा नाही. मी मांडीवर पेला धरून बसले होते. फोनमध्ये ते सगळं रेकॉर्ड झालं होतं, सुरुवातीपासून. मी ते यारिनाला पाठवलं नाही. तिला एवढंच लिहिलं, "विचारलं. दर शनिवारी येतो म्हणाली." तिने घाबरलेले चेहरे पाठवले. मी उत्तर दिलं नाही. आजीचा आवाज मी मैत्रिणींच्या हाती देणार नव्हते, पैज हरले तरी चालेल.

प्रवाशांना चौकात उतरवून आम्ही घरी आलो तेव्हा सात वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. मी पेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. आईने बाबांचा चेहरा पाहिला, मग पेल्याकडे बोट केलं.

"हा कोणाचा?"

"आकिमचा," मी म्हणाले.

आई दोन पावलं मागे गेली, शेगडीला टेकली. "आकिम म्हणजे... आपला? सहलीतला? रुक्सांद्रा, तो आत्ताच्या आत्ता बाल्कनीत ठेव! धुतलास तरी का?"

"तुझ्या लेकीने आज मला गिऱ्हाइकांपुढे तोंडघशी पाडलं," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "माझ्या आजोबांना, सगळ्या गावापुढे, तिऱ्हाइतांपुढे! बाकावर चढून! उद्या पोयेनीतात मला तोंड दाखवायला जागा नाही."

"सात मुलांची आठ केलीत तेव्हा होती जागा?"

"रुक्सी!" आई म्हणाली.

"बोलू दे तिला," बाबा म्हणाले. "आता सगळं येतं तिला बोलायला. मीच शिकवलंय ना."

"हो, तुम्हीच शिकवलंय. आणि मी विसरले नाही ते." मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "एकच सांगा. गाव्रिल आजोबा झोपले होते, हे तुम्हाला माहीत होतं का?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली अंगणात कोणीतरी चटई झटकत होतं.

"माहीत होतं," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे मान वळवली. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं.

"जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तिबी, मला झोप लागली होती. ती चाती माझ्या हाताने गेली, कारण दुसऱ्या कोणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मला ओरडायचं होतं. म्हणाले, मी कधी धीर केला नाही, तू तरी तिच्या हातून त्याचा पेला घे." बाबांनी कपाळ चोळलं. "मी गेलो होतो, रुक्सी. दोन वर्षं गेलो, पितरांच्या शनिवारी. फाटकापर्यंत. हात पुढे होईना. मी त्या गोष्टींवर वाढलोय. दिवसा हसतो मी त्यांना. पण तो पेला बघितला की..."

"आणि तिसऱ्या वर्षी बस घेऊन गेलात."

हे फार लागलं त्यांना. मला दिसलं. मला वाईटही वाटलं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

आई हळूच पुढे आली. तिने पेला हातात घेतला, उलटा करून पाहिला, नळाखाली धरला, आणि धुतल्यावर बाल्कनीत नाही, आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. मग एप्रनला हात पुसत म्हणाली, "बरं. आता पुढे काय? ही सहल बंद करायची? चार दिवस तोंड लपवून बसायचं?"

"नाही," मी म्हणाले. "बस चालणार. ब्रानला तुम्ही शवपेटीवरचे विनोद करा बाबा, तुमच्यासारखे कोणाला जमत नाहीत. पण झगा मी परत घालणार नाही, आई, त्याचे डाग काढून टाक किंवा फरशी पुसायला घे. मी उद्या सकाळच्या गाडीने पोयेनीताला जाणार आहे. पारास्किवा आजीला विचारणार आहे की तिच्या दारात ही गोष्ट सांगितलेली चालेल का. ती नाही म्हणाली, तर बस त्या गल्लीत वळणारच नाही. आणि हो म्हणाली, तर पुढच्या शनिवारपासून ती गोष्ट मी सांगणार. मांजरासकट, बाटलीसकट, आजोबांचं पूर्ण नाव घेऊन. तुम्हाला पटत नसेल तर मला बसमध्ये घेऊ नका. मी आधीच जाऊन आजीच्या बाकावर बसलेली असेन, आणि तुम्ही माईक हातात घेतलात की मीही बोलायला लागेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."